पंप बदलण्याआधी पाइप बघा

जुनी गाडी सेल्फला फिरते पण सुरू होत नाही, म्हणजे पंप गेला. कऱ्हाडपासून कोल्हापूरपर्यंत कुठल्याही गॅरेजात हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि बहुतेक वेळा बॉनेट उघडायच्या आधीच ते बोलून झालेलं असतं. मग नवा पंप बसतो. गाडी काही सुरू होत नाही. मग कार्ब्युरेटरचं किट, मग प्लग, मग प्लगच्या वायरी, मग कॉइल. सगळं झाल्यावर मालकाच्या कानावर येतं, "आता जुनी झाली ही, काढून टाका."

माझं म्हणणं असं आहे. इंधन इंजिनापर्यंत पोचतंय का, आणि पोचत नसेल तर नेमकं कुठे अडतंय, हे दाखवल्याशिवाय एकही पार्ट बदलू नये. मिस्त्रीने बदलू नये आणि मालकाने बदलू देऊ नये. आणि त्या शोधकामाचे पैसे मालकाने वेगळे द्यावेत, घासाघीस न करता द्यावेत. हे दुसरं वाक्य पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे.

मी आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल या ट्रेडचा शिल्पनिदेशक होतो. निवृत्तीनंतर घरामागच्या शेडमध्ये ओळखीपाळखीच्या गाड्या बघतो. टोचन लावून येणाऱ्या गाड्यांमध्ये जुन्या मारुती, एखादी जीप, शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर आणि असंख्य मोटारसायकली असतात. त्यांच्या मालकांना दुसरी गाडी घ्यायची हौस नसते असं नाही. ती परवडत नसते. म्हणून त्यांच्या खिशातून विनाकारण गेलेला प्रत्येक रुपया मला लागतो.

इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी हव्यात: पेट्रोल-हवेचं मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसं कॉम्प्रेशन. यातला पेट्रोलचा माग काढणं सगळ्यात सोपं, कारण पेट्रोल डोळ्यांना दिसतं, बोटाला लागतं, नाकाला कळतं. कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घ्या. डिसेंबर १९८३ मध्ये ही गाडी बाजारात आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, आणि हात घालायला जागा असलेलं इंजिन. टाकी मागे. टाकीत जाळी, तिथून रबरी पाइपचा एक तुकडा, मग गाडीच्या पोटाखालून पुढे येणारी लोखंडी नळी, वाटेत फिल्टर, पुन्हा रबर, आणि मग इंजिनावर बसवलेला पंप, ज्याला जुने मिस्त्री एसी पंप म्हणतात. हा विजेवर चालत नाही. इंजिनातला कॅमशाफ्ट फिरला की पंपाची दांडी खालीवर होते, आतला डायफ्रॅम पेट्रोल खेचतो आणि पुढे ढकलतो. तिथून कार्ब्युरेटरच्या फ्लोट चेंबरमध्ये. चेंबर भरला की फ्लोट वर येऊन नीडलने वाट बंद करतो, आणि जास्तीचं पेट्रोल दुसऱ्या नळीने टाकीत परत जातं. सगळा मार्ग एवढाच. यात लपून बसायला फार जागा नाही.

सुरुवात टाकीपासून करावी, कारण इंधनाचा काटा खोटं बोलतो. टाकीतला गेजचा फ्लोट जुना झाला की काटा पाव टाकीवर अडकतो आणि मालक शपथेवर सांगतो की परवाच पेट्रोल टाकलंय. खात्रीचं पेट्रोल थोडं टाकावं आणि मग बोलावं. त्यानंतर टाकीचं झाकण उघडावं. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तेवढी हवा आत यावी लागते. ती वाट धुळीने बुजली की आत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल खेचवत नाही. झाकण फिरवताच हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला. या तपासणीला पाना लागत नाही, खर्च काहीच नाही. तरीही ती क्वचितच होते.

पुढची तपासणी मला सगळ्यात जास्त आवडते, कारण मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी उत्तर दिसतं. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनरचं झाकण काढायचं, कार्ब्युरेटरच्या घशात बॅटरीचा उजेड टाकायचा, आणि दुसऱ्याला ॲक्सिलरेटर एकदम दाबायला सांगायचं. आत पेट्रोलची बारीक, स्वच्छ धार उडाली पाहिजे. धार उडाली तर फ्लोट चेंबरमध्ये पेट्रोल आहे, म्हणजे टाकी, जाळी, नळी, फिल्टर आणि पंप या सगळ्यांनी आपलं काम केलेलं आहे. आता पंपाकडे बघायचंसुद्धा नाही. मग आयडलचा सोलेनॉइड चावी फिरवल्यावर 'टिक' वाजतो का, जेटमध्ये कचरा आहे का, ठिणगी आहे का, तिकडे वळायचं. धार उडाली नाही तर कार्ब्युरेटरच्या अलीकडे जायचं. प्लग काढून बघितला तर खात्री पक्की होते. बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा खडखडीत निघाला, तर सिलिंडरात पेट्रोल येतच नाही. ओला निघाला आणि वास मारत असेल तर पेट्रोल येतंय, कदाचित गरजेपेक्षा जास्त येतंय. तिथे नवा पंप बसवणं म्हणजे उलट्या दिशेने चालणं.

धार नसेल तर पंपाकडून कार्ब्युरेटरला जाणारा पाइप सोडवून एका पारदर्शक बाटलीत घालावा. कॉइलची वायर काढून ठेवावी, म्हणजे ठिणगीचा प्रश्न नको, आणि सेल्फ मारावा. ठोक्याठोक्याने जोरकस पेट्रोल आलं पाहिजे. आलं नाही, तरीही पंप दोषी ठरत नाही. इथेच बहुतेक लोक घाई करतात. पंपाला पेट्रोल मिळतच नसेल तर तो देणार काय? म्हणून पंपाचा येणारा पाइप काढायचा, त्या जागी हातभर नवा पाइप लावून त्याचं टोक पेट्रोलच्या बाटलीत बुडवायचं आणि पुन्हा सेल्फ मारायचा. आता पंपाने पेट्रोल खेचून पुढे फेकलं, तर पंप निर्दोष आणि दोष मागे. नाही खेचलं, तर आणि तरच पंप उघडा किंवा बदला. आणि समजा बाटलीत भरपूर पेट्रोल आलं पण कार्ब्युरेटर कोरडाच राहिला, तर नीडल बंद स्थितीत चिकटलेला असतो. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत पेट्रोल सुकून तिथे वार्निशसारखा डिंक होतो. फ्लोट चेंबरवर स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलके टिचके मारले की तो कित्येकदा सुटतो.

एक गोष्ट इथे ठासून सांगतो. कार्ब्युरेटरच्या तोंडात वरून पेट्रोल ओतून सेल्फ मारायची जी पद्धत आहे, ती ताबडतोब बंद झाली पाहिजे. इंजिनाने उलटा फटका मारला की ज्वाळा थेट तोंडातून वर येते. ओतणाऱ्याचा चेहरा तिथेच असतो आणि हातात पेट्रोलची उघडी बाटली असते. मी असे जळलेले हात पाहिलेले आहेत. वर सांगितलेली बाटलीची तपासणीही मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना, आग विझवायचं साधन आणि वाळूची बादली जवळ ठेवून, कॉइलची वायर काढूनच करायची. गॅरेजात बिडी ओढणाऱ्याला बाहेर काढायचं, मग तो गाडीचा मालक का असेना.

आता एका गाडीबद्दल. कऱ्हाडजवळच्या गावातल्या निवृत्त गुरुजींची मारुती ८००, मॉडेल १९९७ चं. तालुक्यातल्या एका गॅरेजात पंप बदलून झाला होता, कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला होता, प्लग आणि फिल्टर नवे होते. गाडी सकाळी सुरू होत नव्हती. ढकलली तर दम लागेपर्यंत ढकलावी लागायची. गुरुजी म्हणाले, "सर, एवढं करून बघा. नाहीतर भंगारवाल्याने भाव सांगितलाय." मी त्यांना विचारलं की गाडी कधी नीट चालते. विचार करून ते म्हणाले, "टाकी फुल केली की आठवडाभर काही त्रास देत नाही. निम्म्याच्या खाली गेली की पुन्हा तेच."

अर्धं निदान गुरुजींनीच केलेलं होतं, पण तोपर्यंत त्यांना कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. टाकीत पेट्रोल वर असलं की पंपाला थोडंच खेचावं लागतं; पातळी खाली गेली की जास्त. आणि टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा मार्ग ओढीवर चालतो. त्या भागात कुठे बारीक चीर असेल तर पेट्रोल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. शहाळ्याच्या नळीला वर भोक पडलं की कितीही ओढा, तोंडात हवाच येते, तसंच हे. खाली थेंब दिसत नाही म्हणून कुणी तिकडे बघत नाही. रात्रभरात नळीतलं पेट्रोल मागे टाकीत उतरतं आणि सकाळी पंप हवाच चावत बसतो.

पंपाच्या आधी मी पारदर्शक पाइपचा वीतभर तुकडा जोडला आणि गुरुजींना शेजारी बसवलं. सेल्फ मारला तशी त्या तुकड्यातून पेट्रोल आलं, पण बुडबुड्यांसकट, सोडावॉटर आल्यासारखं. गुरुजी चष्मा सरसावून बघत राहिले. मग गाडी वर घेऊन मागे गेलो. टाकीतून निघणारा रबरी पाइप लोखंडी नळीवर जिथे चढवलेला असतो, तिथे क्लिपच्या आत रबर ताठ होऊन तडकलेलं होतं. वरून बघितलं तर पाइप शाबूत. क्लिप सैल करून पाइप वाकवला तेव्हा चीर उघडली. पाइप नवा, दोन्ही क्लिपा नव्या, नळीच्या टोकावरचा गंज घासून काढला. सगळ्या सामानाचे पैसे बदललेल्या पंपाच्या किमतीपुढे सांगण्यासारखेही नव्हते. पारदर्शक तुकड्यातले बुडबुडे थांबले आणि गाडी सुरू झाली. तो काढलेला जुना पंप गुरुजींनी डिकीत जपून ठेवला होता. तपासला तर तो उत्तम चालत होता.

त्या गॅरेजवाल्याला नावं ठेवून हा विषय संपत नाही. तो माणूस प्रामाणिकही असू शकतो. प्रश्न हा आहे की त्याने दोन तास खर्चून ती चीर शोधली असती आणि पाइपचे आणि क्लिपांचे पैसे अधिक पाचशे रुपये मजुरी लावली असती, तर आपल्यातल्या किती जणांनी कुरकुर न करता ती दिली असती? "एवढासा पाइप बदलायला पाचशे?" हे वाक्यही मी तितक्याच वेळा ऐकलेलं आहे. नव्या पंपाचा चकचकीत खोका हातात दिला की हजार-बाराशे रुपये निघतात, कारण वस्तू दिसते. दोन तास डोकं लावून शोधलेल्या चिरेची किंमत द्यायला हात आखडतो. मग मिस्त्रीला पोट भरायला पार्ट विकण्यावाचून उपाय काय उरतो? पार्टमध्ये त्याला सूट मिळते, शोधण्यात काही मिळत नाही. आपणच त्याला ही सवय लावलेली आहे. तेव्हा गाडी सोडतानाच बोलावं: तपासणीची मजुरी किती, ती मी देईन, दोष सापडल्यावर मला दाखवा, आणि माझ्या होकारानंतरच पार्ट आणा. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा. चांगल्या मिस्त्रीला याचा राग येत नाही, उलट हुरूप येतो.

२००० नंतर कार्ब्युरेटर गेले आणि इंजेक्शन आलं, तरी तत्त्व बदललं नाही. फक्त पंप टाकीत बुडून बसला आणि विजेवर चालू लागला. पंधरा-वीस वर्षांच्या अशा गाडीत चावी 'ऑन' केल्यावर मागच्या सीटपाशी कान द्यावा. साधारण दोन सेकंद बारीक घरघर ऐकू येते. तो पंप नळीत दाब भरत असतो. घरघर नसेल तर पंपावर घाव घालायच्या आधी फ्यूज बघा, रिले बघा, पंपाच्या प्लगपर्यंत करंट आणि अर्थिंग येतंय का ते टेस्ट लॅम्पने बघा. हिरवट गंजलेल्या एका अर्थच्या नटामुळे चांगले पंप बदलले गेलेले आहेत. घरघर असेल तर दाब मोजा. अशा गाड्यांत साधारण अडीच ते तीन बार दाब लागतो, नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तकात असतो. पंप वाजतो म्हणजे दाब देतोच असं नाही. आणि दाब कमी आहे म्हणजे पंपच कमजोर असंही नाही, फिल्टर तुंबलेला किंवा रेग्युलेटर गळका असू शकतो. स्कॅनर लावून 'कोड काही येत नाही' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की बऱ्याच जुन्या गाड्यांमध्ये इंधनाचा दाब मोजणारा सेन्सरच नसतो. तिथे गेज लावावाच लागतो. गेज महाग नाही. तरी तो नसलेली गॅरेजं मला पदोपदी भेटतात आणि वाईट वाटतं. या गाड्यांची नळी सोडायच्या आधी पंपाचा रिले काढून सेल्फ मारायचा, म्हणजे आतला दाब उतरतो. नाहीतर पेट्रोलचा फवारा अंगावर येतो.

डिझेलचं दुखणं वेगळं, तिथे हवेशी गाठ असते. ट्रॅक्टरचं डिझेल संपलं किंवा फिल्टर बदलला की लाइन एअर घेते. हवा दाबली जाते, डिझेल दाबलं जात नाही; म्हणून लाइनीत हवा असली की नोझलला फवारा मारण्याइतका दाबच तयार होत नाही. बॅटरी उतरेपर्यंत सेल्फ मारून उपयोग नाही. टाकीकडून इंजिनाकडे क्रमाने यायचं: फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहायचा, फेस जाऊन अखंड डिझेल यायला लागलं की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा, मग नोझलला डिझेल पाठवणाऱ्या मोठ्या पंपावरचा, आणि गरज पडली तरच नोझलच्या पाइपांचे नट. पुन्हा दोन दिवसांत एअर घेतली तर ती कुठून शिरते ते शोधायचं, बहुतेकदा तांब्याचा जुना वॉशर पुन्हा वापरलेला असतो. हे सगळं जुन्या इंजिनांसाठी. कॉमन रेल इंजिनात हजार बारच्या वर दाब असतो, तिथे पाइपचा नट सैल करायचा विचारही करू नये. ती धार कातडी फोडून आत जाते.

आता इथेनॉल. मी ऊसपट्ट्यातला माणूस आहे. कारखान्याच्या डिस्टिलरीतून इथेनॉल गेलं की उसाच्या बिलाला हातभार लागतो, हे माझ्या घरातही ठाऊक आहे. म्हणून मी इथेनॉलच्या विरोधात नाही. पण जुन्या गाड्यांना त्याचं काय होतं, ते बोलायला हवं. देशात १० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट जून २०२२ मध्ये गाठलं गेलं. २० टक्क्यांसाठी आधी २०३० साल ठरलं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ केलं. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या या पेट्रोलला धरून बनवलेल्या आहेत. गुरुजींची १९९७ ची मारुती किंवा एखाद्या शेतमजुराची जुनी मोटारसायकल तशी नाही. इथेनॉल टाकीतला जुना डिंक आणि गाळ सोडवून पुढे पाठवतं आणि तो फिल्टरमध्ये बसतो. जुन्या प्रकारचं रबर त्याने फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी ठरावीक प्रमाणाबाहेर गेलं की पाण्यासकट वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, जिथून पंपाची नळी पेट्रोल उचलते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा फ्लोट चेंबर उघडला की धातूवर पांढरी भुकटी चढलेली दिसते. मिश्रण किती आहे हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. खुणा असलेल्या काचेच्या नळकांड्यात ८० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून हलवलं आणि दहा मिनिटं ठेवलं, की इथेनॉल पाण्यात उतरतं. तळाचा थर २० वरून ३५-३६ च्या आसपास गेला तर ते २० टक्क्यांचं पेट्रोल.

हे मी एकटाच म्हणत नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये काढलेल्या आराखड्यातच लिहिलं आहे की मूळ साध्या पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि १० टक्क्यांवर जुळवलेल्या चारचाकींना २० टक्क्यांवर सुमारे सहा ते सात टक्के कमी कार्यक्षमता मिळेल, तशा दुचाकींना तीन ते चार टक्के. आणि जुन्या गाड्यांचं रक्षण म्हणून १० टक्क्यांचं पेट्रोल उपलब्ध ठेवावं, असंही त्याच आराखड्यात सुचवलेलं आहे. ती सूचना पाळली जावी एवढीच मागणी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी याविषयीची याचिका फेटाळली, त्यामुळे आता हे काम धोरणाचंच आहे. पेट्रोल पंपावर आज ग्राहकाला घनता बघता येते, फिल्टर पेपर मागता येतो, पाच लिटरच्या मापाने मोजून घेता येतं. त्याच हक्काने त्याला कमी इथेनॉलचं पेट्रोल मागता आलं पाहिजे, तालुक्याला एका पंपावर तरी.

ते होईपर्यंत जुन्या गाडीवाल्यांनी इथेनॉलला चालणारे पाइप बसवून घ्यावेत, फिल्टर दर काही महिन्यांनी बदलावा आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नये. मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. आता कुठलीही गाडी बंद पडली की "इथेनॉलमुळे" म्हणायची नवी फॅशन आली आहे. तेही न तपासता दिलेलं उत्तरच आहे. फिल्टर उघडा, गाळ दाखवा, मग म्हणा.

अशा न तपासता दिलेल्या उत्तरांचा संबंध भंगारातल्या गाड्यांशीही आहे. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झालं. धूर ओकणारी, चासी सडलेली गाडी रस्त्यावरून गेलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण एवढं शुल्क भरून, तपासणीत उत्तीर्ण होऊन ठेवलेली गाडी न सापडलेल्या एका चिरेपायी भंगारात जाते, तेव्हा ज्या घरात दुसरं वाहन नाही तिथे दवाखान्याची, बाजाराची, परीक्षेला जाणाऱ्या पोरांची सगळी घडी विस्कटते.

म्हणून माझी शेवटची मागणी माझ्या स्वतःच्या क्षेत्राकडे आहे. आयटीआयची लेखी परीक्षा आता संगणकावर पर्याय निवडून होते, आणि प्रात्यक्षिकात मुलं पंप सुंदर खोलतात, तितकाच सुंदर जोडतात. तो पंप खोलायची गरज होती का, हे त्यांना कुणी विचारत नाही. मुलं हुशार आहेत, त्यांना शोधायला आवडतं. मी वर्गात मुद्दाम दोष घालून ठेवलेली गाडी उभी केली की जेवणाची सुट्टी झाली तरी मुलं हलत नसत. अंतिम प्रात्यक्षिकात अशीच गाडी द्यावी. टाकीच्या झाकणाची हवा बंद केलेली, किंवा क्लिपखाली पाइप चिरलेला, किंवा पंपाची अर्थ वायर सैल केलेली. विद्यार्थ्याने कुठली तपासणी केली, तिचं उत्तर काय आलं आणि त्यावरून पुढे कुठे गेला, हे त्याने क्रमाने लिहावं आणि निम्मे गुण त्या कागदाला असावेत. हत्यारं म्हणून टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, प्रेशर गेज, पारदर्शक पाइपचा तुकडा आणि एक बाटली द्यावी. टेबलावर नवा पार्ट एकही ठेवू नये.